खाडीचं राखीव आरमार

द्रौपदीचा नवरा सुगत नोकरीची सगळी वर्षं नौदलात होता, पण समुद्र त्याने पाहिला तो बहुतेक धक्क्यावर उभं राहूनच. ही गोष्ट ती मुळीच लपवत नसे. खाडीकाठच्या वळ गावात, नाक्यावर तिचं शिलाईचं दुकान होतं. आसपासच्या गोदामांतल्या वॉचमनना मिळणारे ढगळ युनिफॉर्म अंगाबरोबर करून देणं हे तिचं मुख्य काम, आणि मशीन चालवता चालवता गिऱ्हाइकाची करमणूक करणं हे दुसरं. "आमचे हे चीफ पेटी ऑफिसर होते बरं का," ती सांगायची, "पण जहाज दोराने बांधलेलं असेल तोवरच. दोर सुटला की ह्यांची बदली दुसऱ्या बांधलेल्या जहाजावर." गिऱ्हाईक खो खो हसे. सुगत मागच्या खोलीत बसून हे ऐके आणि विसळलेला कप पुन्हा विसळत राही.

तिचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. जी जहाजं कामातून काढलीत पण भंगारात घातलेली नाहीत, ती राखीव. त्यांची इंजिनं पुसायची, सांध्यांना तेल घालायचं, दारं गच्च बंद करून आतली हवा कोरडी ठेवायची, आणि कधीतरी लढाई लागेल म्हणून वाट बघायची. सुगतने हेच केलं आणि मन लावून केलं. लढाई काही त्याच्या जहाजापर्यंत आली नाही. निवृत्त होऊन घरी आल्यावर तेल घालायला काही उरलं नाही म्हणून तो द्रौपदीच्या शिलाई मशीनला तेल घालू लागला. एका वॉचमनच्या नव्या कोऱ्या शर्टाच्या पाठीवर तेलाचा नकाशा उमटला, तेव्हा तिने ती तेलाची कुपी गटारात फेकली.

मग त्याला एकच विषय उरला. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्रजांनी आपलं राखीव आरमार कसं बांधून ठेवलं होतं, हा. कुठल्याशा प्रशिक्षणात त्याला हे शिकवलं होतं आणि ते डोक्यात जे बसलं ते बसलंच. जहाजांच्या तीन फळ्या. पहिली पूर्ण खलाशांसह कायम सज्ज. दुसरीवर मोजके पण पक्के खलाशी, बाकीचे किनाऱ्यावर, हुकूम सुटला की धावत येऊन चढायचे. तिसरी फळी जुन्या जहाजांची, तिच्यावर नुसते राखणदार. लढाईच्या ऐन तोंडावर सराव म्हणून हे सगळं आरमार पाण्यात काढलं, आणि ते पुरतं पांगायच्या आत लढाई पेटली! "म्हणजे तयारी आधीच होती," असं म्हणून सुगत मांडीवर थाप मारायचा. ही थाप वळमधल्या न्हाव्याने ऐकली होती, दूधवाल्याने ऐकली होती, आणि गॅस पोचवायला आलेल्या माणसाने तर खांद्यावर सिलिंडर घेऊन ऐकली होती.

"इंग्रज गेले हो," द्रौपदी म्हणायची. "जाताना तुम्हाला न्यायचं विसरले."

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं. पण मध्यंतरी लढाईचे दिवस आले. टीव्हीवर रात्रंदिवस नकाशे आणि बाण, शाळांमधून भोंग्यांचे सराव, दिवे घालवण्याच्या सूचना. लढाई मिटली तरी लोकांच्या अंगातली लढाई उतरेना. त्यातले एक लडकूशेठ. शेठ म्हणजे वळमधलं बडं प्रस्थ. ज्या जमिनीत त्यांच्या वडिलांनी गुडघाभर चिखलात भात लावला, तिच्यावर, शेजारच्या पूर्णे गावात, आज त्यांची गोदामं उभी होती, आणि आता त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यासाठी काहीतरी देशाचं काम हवं होतं. रक्तदान सगळेच करतात. झाडं लावली तर पुढच्या वर्षी ती जगवावी लागतात. अशा विवंचनेत शेठ दाढी करायला बसले आणि शेजारच्या खुर्चीवर सुगत तिसऱ्या फळीपर्यंत आला होता.

त्याच संध्याकाळी शेठ दुकानात हजर. सोबत मुलगा कुमार, जो गोदामांचा कारभार बघायचा आणि ज्याच्या कानात कायम काहीतरी खुपसलेलं असायचं.

"सुगतभाऊ, लढाई लागली न् दुश्मन खाडीतनं आला तं? आपल्याकडं काय हाय? कायच न्हाय! आपण आरमार बनवू. राखीव. तुम्ही कमांडर."

द्रौपदीच्या हातातली कात्री थांबली. तिच्या डोळ्यांपुढे तो बिचारा दुश्मन आला. त्याने आधी जलपर्णी उपसायची, मग गाळ, मग डाइंगवाल्यांनी सोडलेलं लाल-निळं पाणी. वळपर्यंत पोचेतो त्याला अशी खरूज होणार की तो खाजवत खाजवत परत जाणार. हे ती बोलूनही दाखवणार होती. पण तिने सुगतकडे बघितलं. तो उभा होता, अगदी ताठ, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याच्या गळ्याखालचं बटण लावलेलं होतं. तिने कात्री पुन्हा कापडाला लावली.

आरमार गोळा झालं ते असं. बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधले पायडल मारायचे राजहंस, फायबरचे, गुलाबी चोचीचे. हवा भरायची एक रबरी होडी, जिचा पंप हरवला होता. रेती काढणाऱ्यांनी सोडून दिलेली एक लोखंडी बोट, जिच्या तळातून खाडी दिसायची. आणि ठकुबाईची होडी. शेवटची ही तेवढी खरी होडी होती. लाकडाची, नवऱ्याने बांधून घेतलेली, रोज पाण्यात जाणारी. ठकुबाई वळचीच, थोडंसं भात लावणारी आणि बाकी वर्षभर खाडीत चिंबोऱ्या पकडणारी विधवा बाई. पकडलेल्या चिंबोऱ्या टोपलीत घालून ती द्रौपदीच्या दुकानाच्या पायरीवर विकायला बसे. गोदामांतले कारकून रांग लावून घेत. होडी हेच तिचं पोट होतं.

सुगतने आरमाराच्या फळ्या पाडल्या. राजहंस पहिल्या फळीत, कायम सज्ज. रबरी आणि लोखंडी दुसऱ्या फळीत. आणि ठकुबाईची होडी तिसऱ्या फळीत, राखीव.

"अहो, चालते ती एकटी तीच," द्रौपदी म्हणाली.

"म्हणूनच राखीव. सगळ्यात चांगली वस्तू जपून ठेवायची, अगदी शेवटी काढायची."

यावर कोणी हसलं नाही. वळमध्ये तर कोणीच हसणार नव्हतं, कारण तिथल्या घराघरांत नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं आणि चांगले कप कपाटात होते. द्रौपदी मात्र दिवसभर दुकानात सांगत सुटली, "लढाई लागली की पुढे बदकं जाणार. ती बुडाली की मग होडीचं कुलूप उघडणार." नाका हसून हसून लोळला.

पण ठकुबाई होडी देईना. शेठ गेले, तिने दारातून परत पाठवलं. कुमारने पुन्हा पुन्हा सांगितलं की आंटी, हा डेड स्टॉक नाही, रिझर्व्ह स्टॉक आहे. तिने त्याला सांगितलं, तुझ्या कानात काय अडकलंय ते आधी काढून घे. सुगत स्वतः जाऊन तीन फळ्या समजावून आला. तिने ऐकून घेतलं, चहा दिला आणि नाही म्हटलं. सुगत घरी येऊन जेवला नाही. पांढरा युनिफॉर्म त्याने इस्त्री करून बाहेर काढून ठेवला होता, तो आता पुन्हा कपाटात घालू लागला. द्रौपदीला ते बघवेना. तिला त्याची चेष्टा करायला आवडायचं, पण त्याचा पडलेला चेहरा तिच्याने सोसवत नसे, आणि शिवाय तो पुन्हा दिवसभर मागच्या खोलीत बसणार ही धास्ती होतीच. चार दिवसांचं खूळ आहे, आपोआप उतरेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि ती ठकुबाईकडे गेली.

"द्रौपदे, तू पन?" ठकुबाई म्हणाली. ती ओट्यावर जाळं सांधत बसली होती. "ह्यो खेल हाय गो पोरासोरांचा."

"खेळच आहे. म्हणूनच सांगते. मे महिन्यात एक दिवस पाहुणे येणार, फोटो काढणार, मग शेठला कुठलं आरमार आठवतंय. तोवर तुला शेठच्या गोडाऊनमध्ये झाडूचं काम. दर महिन्याला पगार. तो दिवस झाला की होडी परत."

"न्हाय दिली परत मंग?"

"माझ्या जबाबदारीवर दे. मी आणून देते."

ठकुबाईने जाळं बाजूला ठेवलं. "तुज्या शब्दावर देते. शेठच्या न्हाय, तुज्या नवऱ्याच्याबी न्हाय," ती म्हणाली. "तू खुळ्यात जमा न्हाईस, म्हनून देते."

दिवाळी झाली आणि होडी पूर्ण्याला निघाली. शेठचं एक गोदाम औषधांचं होतं. आत हवा कायम थंड आणि कोरडी, कारण दमट हवेत गोळ्या विरघळतात. सुगतला ती हवा अंगाला लागताच जुन्या नोकरीची आठवण झाली आणि त्याचे डोळे पाणावले. राखीव जहाज असंच ठेवतात! होडीचा ओला तळ पुसला, तिला पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळलं, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, वर कुमारने बारकोड चिकटवला, आणि फोर्कलिफ्टने उचलून तिला सगळ्यात वरच्या फळीवर, सर्दीच्या औषधांच्या शेजारी ठेवली. होडी वर जाताना शेठने टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली.

"सुकून तं जानार न्हाय ना?" ठकुबाईने विचारलं होतं, पण तिला स्वतःलाच ती शंका बावळट वाटली. "पावसाल्यात आम्हीबी वर काढतो म्हना. झावल्या टाकून ठेवतो. काय होत न्हाय." आणि मग ती हसत द्रौपदीला म्हणाली, "माज्या घरात पंखा न्हाय चालत धड. होडीला एसी!"

पावसाळ्यात वर काढलेल्या होडीला चारी बाजूंनी ओल असते, हे त्या घटकेला कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सुगतने आयुष्यभर लोखंड सांभाळलं होतं, आणि लोखंडाचा वैरी ओलावा. शेठने पुठ्ठ्याची खोकी सांभाळली होती, त्यांचाही वैरी ओलावाच. लाकडाचं म्हणणं विचारायला कोणी नव्हतं.

तो हिवाळा सुगतचा सोन्याचा गेला. रोज दाढी, रोज पॉलिश. शेठच्या वॉचमनना तो राजहंसांचं पायडल मारायला शिकवू लागला. दर शनिवारी पूर्ण्याला जाऊन शिडीवर चढून प्लॅस्टिकवरूनच होडीवर बोटाने टकटक करायचा. आवाज महिन्यागणिक खणखणीत होत गेला. "एक थेंब ओल राहिली नाही," तो घरी येऊन सांगायचा. द्रौपदीने आरमाराचा झेंडा शिवून दिला. निळ्या कापडावर पांढरा नांगर, आणि खाली शेठच्या हट्टापायी शेठचं नाव, नांगरापेक्षा मोठं. शिवताना ती येणाऱ्याजाणाऱ्याला झेंडा दाखवी आणि म्हणे, "बघा, दुश्मनाला हा दाखवायचा. हसून हसून मेला पाहिजे." झेंडा तिने सुबक शिवला होता.

आणि ठकुबाई आपल्याच होडीखालची फरशी झाडत होती. सुगतने तिलाही आरमारात धरलं होतं. तिसऱ्या फळीची राखणदार. ठकुबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की एसीत तिचे गुडघे धरतात आणि मार्च संपत आलाय. "होडी कधी गो?" ती दर पगाराला दुकानात येऊन विचारी. "झालंच आता," द्रौपदी म्हणे.

मे महिन्यातला तो दिवस उजाडला. दुपारच्या भरतीला खाडीकाठी मंडप पडला. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, कूलर, मोठ्या आवाजातली देशभक्तीची गाणी. कसलेतरी पुढारी प्रमुख पाहुणे होते, त्यांना आपण कशाला आलोय हे शेवटपर्यंत नीट समजलं नाही. त्यांनी भाषणात खाडीचा उल्लेख तलाव असा केला. ठकुबाई काठाला बसली होती. तिने सकाळीच झाडूचं काम सोडलं होतं, आणि शेठच्या माणसाने तिच्या जागी दुसरी बाई लगेच लावलीही होती. वल्हं, जाळी, टोपली सगळं ती बरोबर घेऊन आली होती. कार्यक्रम आटपला की तिथूनच होडीत बसून निघायचं, असा तिचा बेत.

पहिली फळी निघाली. नारिंगी जाकिटं घातलेले वॉचमन जोडीजोडीने राजहंसांत बसले आणि गुडघे छातीला लावून पायडल मारू लागले. एका हंसाचं सुकाणू अडकलं, तो जागच्या जागी गोल फिरत राहिला आणि प्रत्येक फेरीला आतले दोघे पाहुण्यांना सलाम करत राहिले. दुसऱ्याची चोच जलपर्णीत रुतली. निवेदक ओरडत होता, "आपल्या सागरी सीमा सुरक्षित आहेत!" द्रौपदी पदर तोंडात कोंबून बसली होती. शेजारच्या बायका तिच्याकडे बघून हसत होत्या, कारण अशा वेळी द्रौपदी काय बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

"थांबा," ती त्यांना म्हणाली, "अजून कपाटातले कप यायचेत."

मग हुकूम सुटला, राखीव फळी बाहेर काढा. ट्रॉलीवरून ठकुबाईची होडी आली. आदल्या दिवशी कुमारने तिला पांढराशुभ्र रंग मारून घेतला होता, जाड, दोन हात, त्यामुळे लाकूड कुठेच दिसत नव्हतं. वर फुलांच्या माळा. पाहुण्यांनी फीत कापली. शेठने नारळ फोडला. ठकुबाई वल्हं घेऊन पुढे झाली, तशी कुमारने तिला हाताने थांबवलं. "आंटी, आज नाही. युनिफॉर्म कंपल्सरी आहे." दोन वॉचमन वल्ह्यांवर बसले. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, छातीवर पदकं लावून सुगत उभा राहिला. होडी पाण्यात सरकली आणि त्याने सलाम ठोकला.

त्या क्षणी तो देखणा दिसत होता. द्रौपदीने पदर तोंडातून काढला. मनातल्या मनात तिने त्याला क्षमा केली, त्या सगळ्या फळ्यांची आणि त्या इंग्रजांची.

होडी थोडी आत गेली असेल नसेल. वल्ही थांबली. एक वॉचमन खाली वाकून बघू लागला, मग ओंजळीने पाणी बाहेर टाकू लागला. कोरड्या हवेत महिनोन्‌महिने आकसलेल्या फळ्यांच्या मधल्या सांध्यांत नख शिरेल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर नुसता रंग होता. खाडीने तो रंग केव्हाच फाडला. होडी तिरपी झाली नाही, डगमगली नाही. शिस्तीत, सरळ खाली जाऊ लागली. सुगतचा हात कपाळावरच होता. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, पदकांपर्यंत आलं, तरी हात खाली आला नाही. बहुधा पुढे काय करायचं हे त्याला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मंडपात लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमात असंच आहे. शेठने निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला. "हे बुडणाऱ्याला वाचवायचं प्रात्यक्षिक हाय! टाळ्या जोरात! पहिली फळी, रेस्क्यू!" गोल फिरणारा हंस नेमका तेव्हा सुटा झाला आणि सुगतपाशी पोचला. भारतीय नौदलाचा निवृत्त चीफ पेटी ऑफिसर, छातीवर पदकं, टोपीतून पाणी गळतंय, गुलाबी चोचीच्या हंसाच्या मानेला मिठी मारून काठाला आला. मोबाइल वर झाले. इतका मोठा हशा त्या काठाने कधी ऐकला नसेल.

द्रौपदी हसत नव्हती. ती ठकुबाईकडे बघत होती.

कुमारला घाई झाली होती, वार्ताहरांनी बुडालेल्या होडीचा फोटो काढायच्या आत ती उचलायची. कंटेनर उचलायची क्रेन काठाला आणून त्याने एका माणसाला साखळी घेऊन पाण्यात उतरवलं. ठकुबाई ओरडली, "अरे, हलू! हलू!" पण इंजिनापुढे तिचा आवाज कुठला. क्रेनने हिसका दिला, आणि साखळीला अडकून होडीची नाळ तेवढी वर आली, झेंडूच्या माळेसकट. मागून फळ्या एकेक करून पाण्यावर आल्या आणि ओहोटीबरोबर निघून जाऊ लागल्या. कुमारने नाळ ट्रॉलीवर ठेवायला सांगितली. "इन्व्हेंटरीत तरी दाखवता येईल," तो कोणालातरी म्हणाला.

सुगत निथळत ठकुबाईसमोर येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. "ठकुबाई, चुकलं माझं," तो म्हणाला. "मी लोखंडासारखी ठेवली ती. लाकूड सुकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोष माझा आहे." त्याला आणखी बोलायचं होतं, पण शेठची दोन माणसं आली आणि सत्कारासाठी त्याला दोन्ही दंडांना धरून मंचाकडे घेऊन गेली. माइकवर शेठ जाहीर करत होते की ठकुबाईंच्या त्यागाबद्दल त्यांनाही शाल आणि श्रीफळ देण्यात येईल, आणि नवी होडीही देण्यात येईल, निवडणूक झाल्यावर.

द्रौपदीला शब्द सुचले ते नेहमीचेच. ती ठकुबाईजवळ बसली आणि दात ओठ खात म्हणाली, "मेले सगळे बाजारबुणगे. त्या शेठला आणि त्याच्या कानवाल्याला ह्या चिखलात उलटं गाडलं पाहिजे. आणि आमचे हे! सलाम करत बुडाले! मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, ही बदकांची जत्रा आहे."

ठकुबाईने तिच्याकडे मान वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हां, सांगत व्हतीस," ती म्हणाली. "नाक्यावर समद्यांना सांगत व्हतीस. म्या पायरीवर बसून ऐकायची, म्याबी हसायची. तुज्या नवऱ्याला खरं वाटत व्हतं गो. त्याचं चुकलं, त्यानं येऊन सांगितलं. शेठला फोटू पायजे व्हता, त्याला मिलाला. पन तुला तं ठावं व्हतं ह्यो येडेपना हाय. मंग माज्या दारात होडी मागाया तू कशी आलीस?"

वळमध्ये असा माणूस नव्हता ज्याला द्रौपदीने जागच्या जागी उत्तर दिलं नव्हतं. शेठला दिलं होतं, पोलिसाला दिलं होतं, नवऱ्याला तर रोज. आताही उत्तर तिच्या ओठांवर आलं. आपण सुगतसाठी गेलो, त्याचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून गेलो, हे खरं होतं. पण ते ठकुबाईच्या होडीच्या किमतीत बसत नव्हतं, एवढं तिला कळत होतं.

ठकुबाई उठली. लुगड्याचा काष्टा वर खोचून ती चिखलात उतरली आणि जवळून वाहत चाललेली एक फळी धरायला पुढे झाली. ती मांडीपर्यंत रुतली, तरी तिने फळी धरली आणि दुसरीकडे हात टाकला. द्रौपदीनेही चपला काढल्या, साडी आवळली आणि चिखलात एक पाऊल टाकलं.

"तू नको येऊस," ठकुबाई मागे न बघता म्हणाली. "तुला काठावरनं चांगलं दिसतं. थितंच ऱ्हा."

मंडपात सुगतच्या ओल्या खांद्यांवर शाल पडली आणि टाळ्या झाल्या. शेजारच्या बायका अजून द्रौपदीच्या तोंडाकडे बघत होत्या, ती आता काय बोलते म्हणून. तिने चिखलातला पाय बाहेर काढला आणि ती तिथेच उभी राहिली.